पावसाळ्यात तलावाचे पाणी हिरवे का होते?

प्रश्न : अलिबागजवळच्या आमच्या बंगल्यातील पोहण्याच्या तलावात क्लोरीन नियमित टाकूनही पहिल्या पावसानंतर पाणी हिरवे होते. काय करावे?

उत्तर : पावसाच्या पाण्याने क्लोरीनचे प्रमाण घटते आणि सोबत माती, पालापाचोळा व शेवाळाचे बीजाणू येतात; म्हणून पाऊस ओसरल्यावर त्याच संध्याकाळी पाणी तपासून मुक्त क्लोरीन (म्हणजे जंतू मारण्यासाठी पाण्यात अजून शिल्लक असलेला क्लोरीन) लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते सांगणारा अंक) ७.२ ते ७.६ राखावा. पीएच ८ च्या वर गेला की क्लोरीन असूनही त्याचा प्रभाव फार कमी होतो, आणि माझ्या मते बहुतेकांचे दुर्लक्ष इथेच होते. शिडीमागची भिंत बोटाने चाचपून पाहावी : ती बुळबुळीत लागली, तर पाणी निळे दिसत असले तरी शेवाळ धरू लागले आहे असे समजून भिंती ब्रशने घासाव्यात आणि फिल्टर रात्रभर चालू ठेवावा.