स्ट्रेस टेस्ट नॉर्मल होती, मग तीन महिन्यांत झटका कसा आला?

आपण विचारले आहे की, आपल्या सासऱ्यांची (वय 58) स्ट्रेस टेस्ट, म्हणजे हृदयावर ताण देऊन केलेली तपासणी, जानेवारीत नॉर्मल आली आणि एप्रिलमध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. तर मग तपासणी चुकली होती, की तीन महिन्यांत एवढे ब्लॉकेज साचले? बहुधा यांपैकी काहीच झालेले नाही. मी डॉक्टर नव्हे, परंतु 21 वर्षे कॅथलॅबमध्ये, म्हणजे नळी घालून हृदयाच्या रोहिण्यांची तपासणी व उपचार करतात त्या विभागात, तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे आणि नेमका हाच प्रश्न दाराबाहेर थांबलेल्या नातेवाइकांकडून असंख्य वेळा ऐकला आहे. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

प्रौढ माणसाचे हृदय मुठीएवढे असते. विश्रांतीत ते मिनिटाला सुमारे 70 वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत ढकलते. गुणाकार केल्यास मिनिटाला जवळजवळ 5 लिटर होतात आणि शरीरातील एकूण रक्तही साधारण तेवढेच असते. याच प्रकारचा हिशेब मांडून विल्यम हार्वी यांनी 1628 मध्ये दाखवून दिले की एवढे रक्त शरीर दरवेळी नव्याने तयार करू शकणार नाही, म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. उजवी बाजू अशुद्ध रक्त शेजारच्या फुप्फुसांकडे पाठवते, म्हणून तिची भिंत पातळ असते. डाव्या निलयाला (डावीकडच्या खालच्या कप्प्याला) मात्र डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत दाबाने रक्त पोहोचवायचे असल्याने त्याची भिंत सुमारे एक सेंटिमीटर जाड असते.

आपल्या प्रश्नाचे मूळ या जाड स्नायूच्या स्वतःच्या रक्तपुरवठ्यात आहे. हृदयाच्या पोकळीतून सतत रक्त वाहत असले, तरी आतल्या अगदी पातळ थराखेरीज स्नायूला त्याचा उपयोग होत नाही. त्याला रक्त मिळते ते महारोहिणीच्या मुळाशीच फुटणाऱ्या हृदयरोहिण्यांतून, ज्यांना आपण करोनरी म्हणतो. आकुंचनाच्या वेळी डाव्या बाजूचा स्नायू स्वतःच्याच वाहिन्या आवळतो, त्यामुळे त्याला बहुतेक रक्त दोन ठोक्यांच्या मधल्या शिथिल अवस्थेत मिळते. शिवाय शरीराचे इतर भाग रक्तातला सरासरी पाव हिस्सा ऑक्सिजन घेतात, तर हृदयाचा स्नायू विश्रांतीतही 70 टक्क्यांच्या आसपास काढून घेतो. जिना चढताना त्याला जास्त ऑक्सिजन लागला, तर आलेल्या रक्तातून आणखी फारसे काढता येत नाही. रक्तच जास्त यावे लागते. निरोगी रोहिणी रुंदावून चार-पाचपट रक्त आणते. अरुंद झालेल्या रोहिणीला ते जमत नाही, आणि चालताना छाती भरून येते ती त्यामुळेच.

स्ट्रेस टेस्ट नेमके एवढेच पाहते: मागणी वाढवल्यावर पुरवठा वाढतो का. रोहिणीची पोकळी साधारण 70 टक्के किंवा त्याहून अधिक अरुंद झाली असेल, तेव्हाच ती बहुधा पॉझिटिव्ह येते. सासऱ्यांच्या रोहिणीत जानेवारीत 40 टक्क्यांचा अडथळा असता, तरी तपासणी नॉर्मलच आली असती, आणि तिचे उत्तर तिच्या प्रश्नापुरते बरोबरच ठरले असते.

नळात क्षार साचतो तशी चरबी साचते, हे चित्र आपल्या सर्वांच्या मनात पक्के बसले आहे. घोटाळा तिथूनच सुरू होतो. चरबी पोकळीत साचत नाही, ती भिंतीच्या आत शिरते. रक्तातील एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे कण आतल्या अस्तराखाली जाऊन अडकतात, तिथे त्यांच्यात बदल होतो, त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात आणि गिळून गिळून त्याच फुगून तिथे मरतात. काही वर्षांत तिथे एक मऊ, सुजलेला गाभा तयार होतो आणि त्यावर तंतूंचे टोपण चढते. सुरुवातीला ही गाठ बाहेरच्या बाजूला वाढते आणि रोहिणीही तेवढी रुंदावते, त्यामुळे पोकळी जवळपास तशीच राहते. संशोधक ग्लागोव्ह आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये हे दाखवून दिले. अँजिओग्राफीत रंगद्रव्याने भरलेली फक्त पोकळी दिसते, भिंतीतला आजार दिसत नाही.

झटका बहुतेक वेळा येतो तो हे टोपण फाटल्यामुळे. गाभा रक्ताच्या संपर्कात येताच, बोट कापल्यावर जी क्रिया आपला जीव वाचवते तीच येथे सुरू होते: प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी) चिकटतात, गुठळी धरते आणि काही मिनिटांत रोहिणी पूर्ण बंद होऊ शकते. मी शोषनळीने काढलेल्या अशा गुठळ्या गॉजवर ठेवलेल्या पाहिल्या आहेत. गडद लाल, काही तर तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठ्या. पडद्यावर रंगद्रव्य रोहिणीतून वाहत येते आणि एका ठिकाणी कापल्यासारखे थांबते. पुढचा स्नायू तेव्हा उपाशी असतो. अर्ध्या तासाच्या आसपास त्याचा आतला थर मरू लागतो आणि पुढील काही तासांत नुकसान बाहेरच्या बाजूला पसरत जाते. छातीतील दडपण, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ यांना ॲसिडिटी समजून रात्र काढणाऱ्यांचे जे नुकसान होते, ते नंतर कोणताही स्टेंट (रोहिणी उघडी ठेवणारी जाळीची नळी) भरून काढू शकत नाही. हे मी अत्यंत कळकळीने लिहीत आहे.

एक गोष्ट येथे स्पष्ट करायला हवी. मोठ्या अडथळ्यांना धोका नसतो असे मुळीच नाही. एकेक पाहिले तर मोठी गाठच अधिक धोक्याची असते. परंतु छोट्या गाठी संख्येने कितीतरी जास्त असतात, म्हणून अनेक झटके आदल्या तपासणीत किरकोळ वाटलेल्या जागेतून येतात. झटका आलेला असताना बंद रोहिणी तातडीने उघडल्याने जीव वाचतो, यात शंका नाही; मात्र स्थिर रुग्णांवर झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या करेज अभ्यासात, उत्तम औषधोपचारांच्या जोडीला स्टेंट बसवल्याने पुढचे झटके किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. स्टेंट एक जागा उघडतो, आजार सगळ्या भिंतींत असतो.

भिंत बिघडते कशाने? 52 देशांत झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या झटक्याचा सुमारे 90 टक्के धोका नऊ गोष्टींशी जोडलेला आढळला. त्यांत रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण आणि धूम्रपान सर्वांत प्रबळ होते. मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर, मानसिक ताण, भाज्या-फळे व व्यायाम यांचा अभाव हेही होते, आणि मद्यपानाच्या सवयीचाही विचार त्यात होता. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो, असेही त्यात दिसले. तंबाखू चघळणाऱ्यांतही धोका वाढलेला आढळला. आपल्याकडे विडी सोडून मशेरी किंवा गायछाप चालू ठेवणारे, आपण सुटलो असे समजतात. ते सुटलेले नसतात.

सासऱ्यांचे कोलेस्टेरॉल "नॉर्मल" असूनही स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) का दिले, हेही आपण विचारले आहे. रिपोर्टवरील नॉर्मलची रेषा सर्वसाधारण माणसासाठी असते. ज्यांच्या भिंतीत आजार सिद्ध झाला आहे, त्यांचे एलडीएल त्याहून बरेच खाली ठेवतात. त्याने गाभा आक्रसतो आणि टोपण जाड होते. स्टेंटनंतर दिलेल्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एकही, दात काढायचा असला तरी, हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंद करू नये. स्टेंटच्या जाळीवरच गुठळी धरण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो.

आपल्या पतींचे वय आपण 33 लिहिले आहे. त्यांची स्ट्रेस टेस्ट करण्याची घाई नको. त्यांचे लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी), उपाशीपोटीची साखर आणि रक्तदाब या महिन्यात तपासून घ्यावे, आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए ही तपासणी करावी. ते प्रमाण बहुतांशी आनुवंशिक असते आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये दिसत नाही. रिपोर्ट आल्यावर वडिलांच्या झटक्याची माहिती डॉक्टरांना आधी सांगावी आणि आकडे नंतर दाखवावेत.