व्हिडिओ एन्कोड करताना कीफ्रेमचं (जिचं पूर्ण चित्र साठवलं जातं त्या फ्रेमचं) अंतर किती ठेवावं? आपोआप येणारं २५० फ्रेमचं राहू द्यावं का?

राहू देऊ नका. निदान गाण्याच्या रेकॉर्डिंगला तरी नाहीच. या २५०पायी माझा एक अख्खा पावसाळा वाया गेलाय.

ग्वाल्हेरला लष्कर भागात आमच्या गुरुजींकडे गुरुपौर्णिमेची बैठक होती. स्टँडवर एकच कॅमेरा, अडीच तास. फाइल करायचं काम मेव्हण्यांकडे, कारण त्यांचा लग्नांच्या शूटिंगचा धंदा. त्यांनी एक्स२६४ या एन्कोडरचं सेटिंग जसंच्या तसं ठेवलं. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत २५० म्हणजे १० सेकंद. लग्नाच्या व्हिडिओत सारखे कट असतात, आणि सीन बदलला की एन्कोडर स्वतःच कीफ्रेम टाकतो, म्हणून त्यांना ते कधी खटकलं नाही. इथे मागे तीच भिंत, तोच गणपतीचा फोटो. सीन बदलणार कुठून?

मला बसवायची होती विलंबित तिलवाडा तालातली एक तान, जेमतेम चार सेकंदांची. मागे जावं तर प्लेयर मुखड्याच्याही आधी जाऊन पडे. पुढे ढकलावं तर सम होऊन गेलेली. अचूक जागी जाणारे प्लेयर असतात, पण त्यांनाही मागच्या कीफ्रेमपासून सगळं उलगडत यावं लागतं, आणि माझा जुना लॅपटॉप तिथे धापा टाकायचा. म्हटलं, पुन्हा एन्कोड न करता तेवढा तुकडा कापून घेऊ. तसा काप कीफ्रेमवरच बसतो. माझी तान सुरू होई ती गुरुजी पाण्याचा घोट घेत असताना!

मेव्हणे म्हणाले, "अरे बाबा, कीफ्रेम वाढवले की फाइल फुगते." फुगू दे की! शेवटी कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागून आणली, कीइंट (कीफ्रेमच्या अंतराचं सेटिंग) ५० केलं आणि तान दोन दिवसांत बसली.

तर तुम्हीही दोन सेकंद धरा. ३० फ्रेम असतील तर ६०. यूट्यूब लाइव्हसुद्धा दोनच सांगतं, चारच्या वर जाऊ नका म्हणतं. एचएलएस या स्ट्रीमिंगच्या पद्धतीसाठी ॲपलचंही दोनच.

हां, बिटरेट फार कमी असेल तर दर दोन सेकंदांनी मागची भिंत श्वास घेतल्यासारखी हलते. तेव्हा चार करा. आणि फाइल नुसती कपाटात ठेवायची असेल, तर २५०नंही काही बिघडत नाही.

मेव्हणे हे वाचतीलच. भावजी, पुढच्या महिन्यातल्या मुंजीची फाइल ५०नं करा.