युद्ध, राजकारण, कला, विचार यांवरच्या रेडिओ-मुलाखती ऐकायला कुणापासून सुरुवात करावी?

टीव्हीवरच्या आरडाओरड्याचा वीट आलाय, निवांत बोलणं ऐकायचंय, असं तुम्ही म्हणता. मी एकच नाव घेईन : शिकागोचे स्टड्स टर्केल. तिथल्या डब्ल्यूएफएमटी या केंद्रावर १९५२ ते १९९७ अशी ४५ वर्षं त्यांचा कार्यक्रम चालला. कायद्याची पदवी होती, पण वकिली कधी केली नाही. आईवडील भाड्याच्या खोल्यांचं लॉज चालवत. तिथे उतरणाऱ्या कामगारांच्या गप्पा आणि भांडणं ऐकत ते वाढले. १९५०च्या दशकात सिनेटर मॅकार्थी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या काळात, डाव्या मतांपायी टीव्हीची दारं बंद झाली, रेडिओ मात्र टिकला.

आधी १९६१ सालची जेम्स बाल्डविन यांची मुलाखत ऐका. वंशभेदावर धारदार लिहिणारा कृष्णवर्णीय लेखक समोर बसलाय आणि टर्केल सुरुवातीलाच ब्लूज गायिका बेसी स्मिथची रेकॉर्ड लावतात. मग विचारतात, हे ऐकताना काय वाटतं? बाल्डविन सांगू लागतात की स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या एका गावात पहिली कादंबरी पुरी करताना टाइपरायटरबरोबर बेसीच्या रेकॉर्डी नेल्या होत्या. लहानपणी आपण स्वतः कसे बोलायचो, हे त्या आवाजामुळे परत सापडलं. तिथून बोलणं अमेरिकेतल्या गोऱ्या-काळ्यांच्या नात्यावर आपसूक येतं. थेट राजकारणाचा प्रश्न टाकला असता तर ठरलेलं उत्तर मिळालं असतं, असं मला दर वेळी वाटतं. इतकी तयारी करून आलेला मुलाखतकार आज क्वचित भेटतो.

नंतर १९६३ ची गायक-गीतकार बॉब डिलनची मुलाखत. तेव्हा विशीतला पोरगा. क्यूबातल्या अण्वस्त्रांवरून जग युद्धाच्या तोंडाशी आलं त्याला वर्षही झालं नव्हतं. त्याच्या एका गाण्यातल्या मुसळधार पावसाचा अर्थ टर्केल अणुस्फोटानंतरचा पाऊस असा लावतात. डिलन तिथल्या तिथे म्हणतो, नाही, तो नुसता जोराचा पाऊस आहे. टर्केल हट्टाला पेटत नाहीत, त्याला बोलू देतात. आपला अर्थ पाहुण्याने खोडला तरी तो भाग तसाच ऐकवायचा, याला मोठं मन लागतं.

आणि सामान्य माणसं! ऑगस्ट १९६३ मध्ये नागरी हक्कांच्या मोर्च्यासाठी शिकागोहून वॉशिंग्टनला निघालेल्या रेल्वेगाडीत ते टेपरेकॉर्डर घेऊन चढले आणि डब्यातल्या प्रवाशांना बोलतं केलं. दुसऱ्या महायुद्धावरच्या त्यांच्या पुस्तकाला १९८५ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्यातही सैनिकांबरोबर कारखान्यात राबलेल्या बायका आणि छावण्यांत डांबलेले जपानी वंशाचे अमेरिकन आपापलं युद्ध सांगतात. युद्धाबद्दल मला सर्वांत जास्त तिथेच कळलं.

त्यांचा कल डावीकडे आहे हे लगेच जाणवतं, ते तो लपवतही नाहीत. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. तुम्हाला खटकला तर दुसऱ्या बाजूचंही ऐका. बोलणं भरभर आहे, उच्चारांची सवय व्हायला थोडा वेळ लागेल.

हजारो ध्वनिफितींचा हा संग्रह २०१८ पासून इंटरनेटवर खुला होत गेलाय आणि फुकट आहे. शोधताना ‘स्टड्स टर्केल रेडिओ अर्काइव्ह’ असं टाका. बाल्डविन, मग डिलन, मग ती रेल्वेगाडी, या क्रमाने घ्या.