ऐरोलीच्या घुशी आणि पाच हजारातलं एअर पिस्तूल

दादा, तुमचा प्रश्न वाचला. ऐरोलीला सिडकोचं रो हाऊस, मागच्या गल्लीत घुशींनी कंपाउंडच्या भिंतीखाली बिळं पाडलीयेत, गाडीची वायरिंग दोनदा कुरतडली, आणि आता पाच हजाराच्या आत एखादं एअर पिस्तूल हवंय ज्याने हा त्रास संपेल. आधी थेट उत्तर देतो, मग पिस्तुलाबद्दल बोलू. घूस मारायला या बजेटमधलं कुठलंही पिस्तूल घेऊ नका. टार्गेट मारायला घ्यायचं असेल तर जरूर घ्या, मी स्वतः क्लबमध्ये 10 मीटर एअर पिस्तूल मारतो, छंद म्हणून झकास आहे, पण घुशीचा खर्च वेगळा धरा आणि तो पिस्तुलापेक्षा कमीच येईल.

का ते सांगतो. या रेंजमध्ये जे मिळतं ते स्प्रिंगचं, नळी मोडून कॉक करायचं (म्हणजे स्प्रिंग ताणून ठेवायचं) पिस्तूल. साडेचार एमएमचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, तो सेकंदाला 110-120 मीटरने सुटला तर हिशेब करून बघा, तीन ते पावणेचार ज्यूल (छर्र्याची ऊर्जा, म्हणजे त्याचा जोर) होतात, बस. आता घूस कधी जवळून बघितलीये का, मोठी घूस किलोच्या आसपास भरते, कातडं जाड, आणि ती रात्री निघते, भिंतीला चिकटून पळते, एका जागी उभी राहत नाही. तीन ज्यूलचा छर्रा डोक्यात बरोब्बर जागी बसला तरच काहीतरी होईल, नाहीतर जखमी होऊन बिळात जाणार, तिथे दोन दिवसांनी मरणार आणि मग जो वास सुटेल त्याला भिंत फोडण्याशिवाय इलाज नाही. त्या जनावराचे हाल होतात ते वेगळंच. इंग्लंडमध्ये एअरगनने उंदीर-ससे मारायची जुनी पद्धत आहे, तिथेसुद्धा लोक त्यासाठी रायफल वापरतात, विनालायसन्स रायफलची मर्यादा तिथे सुमारे 16 ज्यूल आणि पिस्तुलाची 8, म्हणजे तिथलं फुल पॉवरचं पिस्तूलही या कामाला कमीच धरतात आणि तुमचं त्याच्या निम्मं.

कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की आपल्याकडे 20 ज्यूलपर्यंत चालतं. बरोबर आहे, आर्म्स रूल्स 2016 प्रमाणे बोअर (नळीचं भोक) 4.5 एमएमपर्यंत आणि मझल एनर्जी, म्हणजे नळीतून सुटतानाची छर्र्याची ऊर्जा, 20 ज्यूलपर्यंत असेल तर लायसन्स लागत नाही. पण ती वरची मर्यादा आहे, दुकानातलं पिस्तूल तेवढं देतं असा त्याचा अर्थ नाही. आणि लायसन्स नको म्हणजे कुठेही चालवा असंही नाही हां. ठाणे काय नवी मुंबई काय, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शस्त्र बाळगून फिरायला मनाई करणारे आदेश अधूनमधून निघतच असतात, सणासुदीला, निवडणुकीला. दिसायला हे पिस्तूल हुबेहूब खरं, आणि तुमची गल्ली केवढी, समोरच्याचं किचन दहा-बारा फुटांवर. रात्री अकराला हातात पिस्तूल आणि टॉर्च घेऊन मागे उभे राहिलात तर समोरची काकू आधी 112 ला फोन करेल, घूस गेली बाजूला.

अजून एक, छर्रा परततो. सिमेंटच्या भिंतीवर, चेंबरच्या लोखंडी झाकणावर आपटला की कुठे जाईल सांगता येत नाही. CO2 वाली, म्हणजे गॅसच्या छोट्या सिलिंडरवर चालणारी पिस्तुलं बघत असाल तर त्यातली बरीचशी स्टीलच्या गोळ्या मारतात, त्या तर शिशाच्या छर्र्यापेक्षा जास्त जोरात उलट येतात, थेट डोळ्याकडे. पिंजऱ्यात अडकलेल्या घुशीला बाहेरून मारू असा विचार असेल तर तोही सोडा, तारेवर आपटून छर्रा कुठेही उडेल.

कबुतरं आणि कावळ्यांचाही उल्लेख केलायत तुम्ही, तिकडे तर अजिबात जाऊ नका. कावळा पूर्वी वन्यजीव कायद्यात उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता, 2022 च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच काढून टाकली, म्हणजे उपद्रवी म्हणून मारायची सूट आता नाही. जनावराला जायबंदी केलं किंवा मारलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागू शकतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, वर 1960 चा क्रूरता प्रतिबंधक कायदा आहेच. कबुतरांना जाळी लावा, विषय संपला. आणि शेजारी कोणी त्यांना दाणे टाकत असेल तर ते आधी बंद करायला लावा, कारण संध्याकाळी उरलेले दाणे खायला तुमच्या घुशीच येतात. भटक्या कुत्र्यांसाठी बाहेर ठेवलेल्या भाताचंही तेच.

मुंबई महापालिकेकडे रात्री उंदीर मारणारे कामगार असतात हे माहितीये ना? माणशी रात्रीला 30 उंदरांचं टार्गेट, आणि हत्यार काय तर टॉर्च आणि काठी. ज्यांचं पोट यावर चालतं ते बंदूक वापरत नाहीत यातच काय ते समजा.

आता काम कसं करायचं. संध्याकाळी सगळ्या बिळांच्या तोंडात वर्तमानपत्राचे बोळे घट्ट कोंबा. सकाळी जे बोळे बाहेर ढकललेले दिसतील ती चालू बिळं, बाकीची बंद पडलेली. बाहेर ताज्या मातीचा ढीग असेल तर ते नक्की घुशीचं. चालू बिळाजवळ, भिंतीला लागून, मोठा पिंजरा ठेवा, उंदराचा छोटा नको, घूस तो उलटवते. आणि इथे लोक घाई करतात, पहिल्याच रात्री पिंजरा लावतात आणि मग काही येत नाही म्हणून ओरडतात. घूस नवीन वस्तूला घाबरते. पहिले तीन-चार दिवस दार तारेने उघडं बांधून ठेवा, आत रोज सुका बोंबील किंवा तेलकट भजी ठेवा, खाऊन जाऊ दे निवांत. ती बिनधास्त यायला लागली की मग तार काढा. वास माणसाच्या हाताचा लागू नये म्हणून हातमोजे घाला, आणि तसेही घालाच, कारण लेप्टोचा (उंदीर-घुशींच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा) धोका खरा आहे, 2005 च्या पुरानंतर मुंबईत काय झालं ते आठवत असेल. पायाला जखम असेल तर पावसात त्या गल्लीत अनवाणी जाऊ नका. सापडलेल्या घुशीचं काय करायचं ते पेस्ट कंट्रोलवाल्याला किंवा महापालिकेच्या मूषक नियंत्रणवाल्यांना विचारा, वॉर्ड ऑफिसला तक्रार दिली की माणूस येतो, पाठपुरावा मात्र करावा लागतो.

पण पिंजऱ्याने फक्त आलेल्या घुशी जातात, नवीन येतच राहतात, म्हणून रस्ता बंद करणं महत्त्वाचं. ड्रेनेज चेंबरचं झाकण फुटलेलं असेल तर आधी ते बदला, रो हाऊसच्या लायनीत निम्म्या घुशी तिथूनच येतात. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला स्टीलची जाळी. पाइप जिथे भिंतीतून आत जातात तिथली फट सिमेंटमध्ये काचेचे तुकडे घालून भरा, नुसतं सिमेंट ओलं असतानाच उकरतात हलकट. छोट्या उंदराला सहा एमएमची फटसुद्धा पुरते, त्यामुळे जाळी घेताना भोकं त्याच्यापेक्षा बारीक बघा. गाडीचं म्हणाल तर रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवलं की आत अंधार-ऊब राहत नाही, बऱ्याच जणांना फरक पडतो, आणि गाडी मागच्या गल्लीकडे न लावता पुढे लावा.

विष टाकणार असाल तर ब्रोमाडायोलोनची वडी कुलूपबंद बेट बॉक्समध्येच (विष ठेवायची खास पेटी). पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणू नका, पोरांच्या हाताला लागली तर लिव्हर जातं. सेल्फॉसच्या गोळ्या कोणी देत असेल तर हात जोडा, बंद घरात त्यातून सुटणारा गॅस माणसं मारतो.

हे सगळं वाचूनही पिस्तूल हवंच असेल, टार्गेटसाठी, तर ऐका. स्प्रिंगचं घ्या, CO2 नको, 12 ग्रॅमच्या सिलिंडरचा खर्च नंतर टोचतो. दुकानात जाऊनच घ्या, ऑनलाइन नको. नळी मोडून परत बंद केल्यावर हलते का बघा, हलत असेल तर नेम कधीच बसणार नाही. मागची साइट (नेम धरायची खाच) स्क्रूने फिरते का बघा. ट्रिगर दाबून बघायला दुकानदाराकडे छर्रा मागा, रिकामं फायर करू नका, स्प्रिंग आणि सील जातं. चपट्या तोंडाचे छर्रे घ्या, कागदावर गोल स्वच्छ भोक पडतं. शिसं असतं, नंतर साबणाने हात धुवा. पावसाळ्यात डब्यातल्या फोममध्ये ठेवू नका, तो ओल धरतो आणि महिन्याभरात गंज चढतो, कपड्यात गुंडाळून सिलिका जेलसोबत ठेवा. आत साधं मशीन ऑइल घालू नका, कॉम्प्रेशनच्या उष्णतेने पेटतं, सिलिकॉन ऑइलचा एखादा थेंब पुरे.

घरात मारायला आंब्याची लाकडी पेटी घ्या, मागे जाड प्लायवूड, आत रद्दी आणि चिंध्या गच्च भरा, पेटीमागे भिंत हवी, दार किंवा खिडकी नको, आणि डोळ्यांना चष्मा. सात मीटरवरून दहा छर्रे मारा. दहा रुपयाचं नाणं 27 एमएमचं असतं, त्यात सगळे बसले तर मला सांगा, चहा माझ्याकडून. ऑलिम्पिकच्या 10 मीटरला दहाचं वर्तुळ 11.5 एमएमचं असतं, तेही दहा मीटरवरून एका हाताने. मनू भाकरने पॅरिसला 2024 मध्ये ब्राँझ मारलं ते पाहून पोरं क्लबात आली, त्यातली बरीच पहिल्या महिन्यात कागदाच्या बाहेरच मारत होती, हे साहजिक आहे, पण म्हणूनच सांगतोय की अंधारात पळत्या घुशीचं डोकं हा फार पुढचा विषय आहे. शिकायचंच असेल तर वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, किंवा ठाण्यातला जवळचा क्लब बघा, तिथे आधी त्यांचं पिस्तूल हाताळून बघा आणि मग स्वतःचं घ्या.

चालू बिळांचे आणि चेंबरच्या झाकणाचे फोटो टाका, सकाळच्या उजेडातले, मग पिंजरा नेमका कुठे ठेवायचा ते सांगतो.