लिव्हरचा माउंट घ्यावा का?

प्रश्न : एअर रायफलवरची दुर्बीण वारंवार काढावी-लावावी लागते. क्विक रिलीज माउंट (दुर्बीण रायफलवर धरणारी, लिव्हरने झटपट निघणारी पकड) घेताना काय पाहावे?

उत्तर : आधी रेल, म्हणजे माउंट बसवायची रायफलवरची पट्टी पाहा. बहुतेक एअर रायफलींवर ११ मिमीची डव्हटेल, म्हणजे तिरक्या कडांची अरुंद रेल असते. आडव्या खाचांच्या रुंद पिकाटिनी रेलचा माउंट तिच्यावर बसत नाही. रिंग दुर्बिणीच्या नळीप्रमाणे, २५.४ किंवा ३० मिमीची.

रायफल स्प्रिंगची असेल तर लिव्हरचा माउंट टाळाच. पिस्टन आधी मागे, मग पुढे असा दुहेरी झटका देतो आणि माउंट हळूहळू मागे सरकतो. तिथे स्टॉप पिन (माउंट सरकू न देणारी खुंटी) असलेला, स्क्रूने आवळायचा एकसंध माउंटच हवा. पीसीपीला, म्हणजे आधीच दाबाने भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीला झटका नगण्य, तिच्यावर लिव्हर खुशाल लावा.

लिव्हरचा ताण नटने जुळवता येतो का, तेही बघा. लिव्हर बोटाने सहज मिटत असेल तर पकड सैल आहे; नट पाव-पाव फेरा आवळत जा. रिकाम्या रायफलवर माउंट बसवताना दर वेळी पुढे दाबून धरा, मगच लिव्हर मिटवा. खाचेतला जरासा मोकळेपणाही नेम हलवतो. रेलवरचे तेल पुसायला विसरू नका! पाच छर्रे मारा, माउंट काढून पुन्हा लावा, आणखी पाच मारा. लक्ष्यावरच्या भोकांचे दोन्ही झुबके एकमेकांवर पडले तरच तो ठेवा.