एक छत्री, तीन टीव्ही: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार सर. मंगळवार पेठेत आमचं दुमजली घर आहे. खाली हॉलमध्ये डीटीएचचा साधा बॉक्स, आणि त्याच बॉक्सच्या मागून पिवळी-पांढरी-लाल वायर लांबवून आईच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला दिलीय, त्यामुळं हॉलमध्ये लागंल तेच तिला बघावं लागतं. आता हॉलसाठी ४३ इंची टीव्ही घेतलाय, कंपनीवाले म्हणतात एचडी बॉक्स घ्या आणि जुना परत द्या. वर पोरांच्या खोलीत पण एक टीव्ही लावायचाय. बसवायला आलेला मुलगा म्हणतो तीन कनेक्शन घ्या, आणि ओळखीचा दुकानदार म्हणतो कशाला खर्च करताय, छत्रीजवळ एक स्प्लिटर टाका, झालं काम. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर: दादा, सगळ्यात आधी घरात बसून एकच गोष्ट ठरवा, कुठल्या टीव्हीवर वेगळा चॅनेल पाहिजे आणि कुठल्यावर तोच चालंल. बॉक्स एका वेळी एकच चॅनेल उघडतो, त्याच्या पुढं वायर कितीही फोडा, सगळ्या टीव्हीवर तेच दिसणार. आई मालिका बघणार आणि पोरं मॅच, तर तिथं दोन बॉक्स लागणारच, त्याला दुसरा मार्ग नाही.

आता स्प्लिटरचं, म्हणजे एका वायरीच्या दोन करणाऱ्या जोडाचं, नीट सांगतो कारण इथंच लोक फसतात आणि मग महिनाभर मेकॅनिकच्या मागं फिरतात. छत्रीच्या दांड्याच्या टोकाला जे डबडं असतं ते एलएनबी. त्याला वीज बॉक्सकडूनच जाते, त्याच वायरीतनं, आणि बॉक्स त्याला ऑर्डर पण त्या विजेवरच देतो. १३ व्होल्ट दिले की एका गटातले चॅनेल खाली येतात, १८ दिले की दुसऱ्या गटातले. त्यातच २२ किलोहर्ट्झचा एक टोन असतो, त्यानं लहरींचा वरचा पट्टा (बँड) की खालचा ते ठरतं. म्हणजे साध्या एलएनबीतनं एका वेळी एकच गट खाली येतो. आता एकाच वायरीवर स्प्लिटर टाकून दोन बॉक्स लावले, एकानं १३ मागितले, दुसऱ्यानं १८, की जास्त व्होल्टवाला जिंकतो आणि दुसऱ्या टीव्हीवर सिग्नल नाही असं येतं. एका बैलाला दोघांनी दोन बाजूंनी हाकल्यावर व्हायचं तेच. याची ओळख पण सोपी आहे, वरचा टीव्ही बंद केला की खालचे गेलेले चॅनेल लगेच परत येतात, आणि वरचा लावला की परत जातात. लोक बॉक्स खराब म्हणून बदलून आणतात, बॉक्सला काहीही झालेलं नसतं.

काही जण म्हणतील आमच्या शेजारी स्प्लिटरवर दोन टीव्ही मस्त चालतात. चालत असतील, दोघांचे चॅनेल एकाच गटातले निघाले तर चालतातच. पण त्या भरवशावर सिमेंटच्या भिंतीला भोकं पाडू नका.

योग्य काम म्हणजे एलएनबी बदलून घेणं. दोन तोंडांचा येतो त्याला ट्विन म्हणतात, चार तोंडांचा क्वाड. त्याचं प्रत्येक तोंड स्वतंत्र, एका बॉक्सनं १३ मागितले तरी दुसऱ्याला १८ मिळतात, कुणाचं कुणाला कळत पण नाही. छत्री तीच राहते, फक्त प्रत्येक बॉक्सला छत्रीपासून आपली स्वतंत्र वायर पाहिजे. तुमच्याकडं तीन टीव्ही आहेत म्हणजे सरळ क्वाड टाका, एक तोंड शिल्लक राहील ते रबरी टोपीनं बंद करून ठेवा नाहीतर पावसाचं पाणी आत जातं. मात्र एलएनबी तुमच्याच कंपनीला चालणारा घ्या, सगळ्यांचे एकसारखे नसतात.

जुना बॉक्स परत द्यायची घाई अजिबात करू नका. तो विकत घेतलेला आहे का कंपनीच्या मालकीचा हे आधी विचारा, आणि तुमचा असंल तर तोच दुसरं कनेक्शन म्हणून आईच्या खोलीत चालू ठेवायला सांगा. जुन्या टीव्हीला तीन रंगांच्या पिना लागतात आणि त्या जुन्या बॉक्सला आहेतच, नव्या एचडी बॉक्सच्या पाठीमागं बघाल तर बऱ्याचदा एचडीएमआय (चित्र-आवाज एकाच वायरीतनं नेणारं चपटं तोंड) आणि हेडफोनसारखं एक बारीक भोक, बस. त्या भोकात लागणारी वेगळी वायर मिळते पण त्यातनं एचडी येत नाही, साधंच चित्र येतं.

पैशाचं म्हणाल तर दुसऱ्या बॉक्सचा महिना वेगळा पडतो. २०२० पासून ट्रायचा, म्हणजे सरकारच्या दूरसंचार नियामकाचा, नियम होता की एकाच नावावर एकाच घरात दुसरा टीव्ही असंल तर नेटवर्क फी (कंपनी कनेक्शनसाठी दर महिन्याला घेते ती) पहिल्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायची नाही. २०२४ मध्ये ट्रायनं फीची मर्यादाच काढली, आता कंपनी ठरवंल ते. म्हणून फोनवर स्पष्ट विचारा, दुसऱ्या बॉक्सची फी किती आणि त्यावर कमी चॅनेलचा वेगळा पॅक मिळंल का. आईला पाच-सहा मराठी चॅनेल पाहिजेत तर हॉलचा अख्खा पॅक दोनदा भरायचं काही कारण नाही.

अजून एक सुचवतो, मला स्वतःला हा मार्ग फार आवडतो. आईला सह्याद्री, बातम्या आणि थोडे सिनेमे एवढंच पुरत असंल तर दूरदर्शनचं फ्री डिश लावा. डिसेंबर २००४ पासून चालू आहे, महिन्याला एक रुपया नाही, फक्त बॉक्स आणि छत्रीचा एकदाच खर्च. ही छत्री बहुतेक वेगळी लावावी लागंल कारण ते जीसॅट-१५ या उपग्रहावरनं येतं, ९३.५ अंश पूर्वेला, आणि बऱ्याच डीटीएच कंपन्यांचे उपग्रह दुसरीकडं आहेत.

पोरांच्या खोलीत हॉलचंच दिसलं तरी चालंल म्हणत असाल तर तिथं एचडीएमआय स्प्लिटर चालतो, हा वेगळा आणि हा बॉक्सच्या पुढं लागतो, छत्रीजवळ नाही. प्लगला लावून करंट द्यावा लागतो तसला घ्या. एचडीएमआयची साधी वायर दहा मीटरच्या पुढं दगा देते, मधेच काळा पडदा येतो, लांब असंल तर इंटरनेटच्या वायरीवरनं नेणारा एक्स्टेंडर मिळतो. आणि रिमोट भिंतीपलीकडनं चालत नाही हे पोरांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न: आमच्याकडं मागच्या महिन्यात ट्विन एलएनबी बसवला, दोन्ही टीव्ही छान चालतात. पण तेव्हापासून जरा पाऊस आला की चित्राचे चौकोन चौकोन होतात. आधी असं होत नव्हतं. दोन टीव्ही झाल्यामुळं ताकद कमी पडते का?
– एक वाचक भगिनी, कसबा बावडा

उत्तर: नाही ताई, ताकदीचा प्रश्न नाही. पावसाचे थेंब या लहरी शोषतात हे खरं, पण आपल्याकडं जून ते सप्टेंबर रिपरिप चालूच असते आणि तेवढ्यानं चित्र जायला नको. धो धो सरीत पाच-दहा मिनिटं गेलं तर ते कुणाचंही जातं.

तुमच्याकडं एलएनबी बदलताना छत्रीला हात लागलेला असणार. छत्री थोडी जरी हलली तरी उन्हात काही कळत नाही, पण पावसासाठी जो सिग्नल शिल्लक राहायला पाहिजे तो संपलेला असतो. बॉक्सच्या मेन्यूत सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. कोरड्या दिवशी बघा. स्ट्रेंग्थ भरपूर पण क्वालिटी कमी असंल तर छत्रीची दिशा किंवा एलएनबीचा कोन चुकलाय, मेकॅनिकला बोलवा आणि क्वालिटी जास्तीत जास्त होईपर्यंत छत्री हलवायला लावा, चित्र आलं म्हणून त्याला सोडू नका. स्ट्रेंग्थच पडलेली असंल तर वायर आणि पिना बघा.

पिन उघडली की मधली तांब्याची तार चकचकीत दिसली पाहिजे. ती हिरवी-काळी पडली असंल किंवा बाजूच्या जाळीचा एखादा केस तिला चिकटत असंल तर पिन कापून नवीन लावा, शेंगदाण्याएवढ्या त्या पिनेपायी नवीन बॉक्स घेणारे लोक आहेत. छत्रीची वायर आरजी-६ या प्रकारचीच मागा. आणि ती एलएनबीपासून खाली येताना थोडी झोळ देऊन बांधून घ्या म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरनं गळतं, पिनेत किंवा भिंतीच्या भोकातनं घरात येत नाही. वळवात विजा चमकायला लागल्या की मात्र दोन्ही बॉक्सच्या मागच्या छत्रीच्या वायरी काढून ठेवत जा, नुसता स्वीच बंद करून भागत नाही.