तबल्याआधी बैठक सुधार

तबला वाजवायला बसलं की तासाभरात पाय बधिर होतात म्हणतोस, तर आधी बैठक बघ. नुसत्या सतरंजीवर मांडी घातली की कंबर मागे कलते आणि पाठीला पोक येतं. बुडाखाली चार बोटं जाडीची घट्ट उशी घे. गुडघे कमरेच्या खाली राहायला हवेत. डाव्या हाताने वाजवायचा डग्गा लांब ठेवलास तर डावा खांदा पुढे ओढला जातो, म्हणून तो जवळ घे. घिस्सा घेताना, म्हणजे डग्ग्यावर तळहाताची टाच दाबून सरकवताना, खांदा वर चढतोय का, हे आरशात बघ. द्रुत, म्हणजे जलद लयीत श्वास रोखू नकोस. बरेच जण नकळत रोखतात. आणि हो, हाताला मुंग्या आल्या तर बोटं झटकून रियाज पुढे रेटू नकोस. थांब. रोज येत असतील तर बाम चोळत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव.